एम. आर. जेम्स कसा वाचावा: भुतं, पाच बरण्या आणि सफोकची चर्चं

भयकथांची गोडी लागली की कुणीतरी हमखास विचारतं, ‘जेम्स वाचलास का?’ मग आपण समग्र संग्रह मिळवतो आणि शहाण्यासारखं पहिल्या पानापासून सुरू करतो. फ्रान्समधलं कुठलंसं गाव, तिथलं चर्च, लॅटिन मजकूर, पाद्र्यांच्या न कळणाऱ्या पदव्या. चौथ्या पानावर जांभई. माझंही तेच झालं. पुस्तक दोन वर्षं कपाटात पडून होतं. पुढे आतेभावाने त्यातली मधलीच एक कथा उघडून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ‘ही वाच, आणि दिवसा वाच.’ मी रात्री वाचली.

तेव्हा पहिली सूचना हीच, की क्रमाने वाचू नका. दुसरी सूचना जरा विचित्र वाटेल. जेम्स या इंग्रज लेखकाने तीस-पस्तीस भुताच्या गोष्टी लिहिल्या, मुलांसाठी एक अद्भुतरम्य कादंबरी लिहिली आणि म्हातारपणी पूर्व इंग्लंडमधल्या सफोक व नॉरफोक या दोन परगण्यांच्या स्थानिक इतिहासावर एक वाटाड्या पुस्तक लिहिलं. लोक पहिलं वाचतात, दुसरं ऐकून असतात आणि तिसऱ्याचं नावही घेत नाहीत. मी म्हणेन, तिसरं सोडू नका. त्याची भुतं कुठून येतात ते तिथेच कळतं.

पायरी १: आधी माणूस बघून घ्या

माँटेग्यू ऱ्होड्स जेम्स, मित्रांसाठी माँटी. जन्म १८६२ चा, केंटमधला. वडील धर्मोपदेशक. माँटी तीन वर्षांचा असताना कुटुंब सफोकमधल्या ग्रेट लिव्हरमीअर या खेड्यात राहायला गेलं. तिथलं चर्च, तळं, धर्मोपदेशकाला मिळणारं मोठं घर आणि त्याची बाग हे सगळं लक्षात ठेवा, शेवटी परत तिथेच यायचं आहे. पुढे ईटनची शाळा, केंब्रिजचं किंग्ज कॉलेज. १८९३ ते १९०८ तो केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाचा संचालक होता, १९०५ पासून किंग्जचा प्रोव्होस्ट म्हणजे प्रमुख, आणि १९१८ पासून १९३६ मध्ये मरेपर्यंत ईटनचा प्रोव्होस्ट. लग्न केलं नाही.

भुताच्या गोष्टी हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. खरं काम हस्तलिखितांचं. केंब्रिजच्या जवळजवळ सगळ्या कॉलेजांतली मध्ययुगीन हस्तलिखितं त्याने एकेक करून पाहिली आणि त्यांच्या सूच्या छापल्या. पान किती, शाई कोणती, कडेला कुणी काय खरडलंय, पुस्तक मुळात कुठल्या मठातलं. त्याच सुमाराला आपल्याकडे वि. का. राजवाडे गावोगावच्या वाड्यांतली दप्तरं उघडत हिंडत होते. दोघांच्या स्वभावात जमीनअस्मानाचा फरक, पण बांधलेलं बासन सोडताना होणारी बोटांची घाई बहुधा एकच असावी. जेम्सच्या गोष्टींतला नायक नेहमी असाच माणूस असतो. बासन सोडणारा.

पायरी २: प्रत निवडा

कथांची मूळ पुस्तकं चार: १९०४, १९११, १९१९ आणि १९२५ साली आलेली. त्या सगळ्यांत आणखी चार कथा मिसळून १९३१ मध्ये तीस कथांचा समग्र संग्रह निघाला. दुकानात ‘समग्र’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक यावरूनच केलेलं असतं. पण १९३१ नंतरही जेम्सने दोन-तीन छोट्या कथा लिहिल्या. म्हणून घेताना अनुक्रमणिकेच्या शेवटाकडे नजर टाका आणि ‘अ व्हिन्येट’ नावाची कथा आहे का बघा. असेल तर प्रत चांगली.

पैसे घालायचे नसतील तर हरकत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखनहक्क संपतो, आणि जेम्सला जाऊन त्याहून कितीतरी वर्षं झाली. पहिले दोन संग्रह प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर मोफत आहेत. टिपांसकट असलेली आवृत्ती मिळाली तर उत्तम, फक्त टिपा कथा संपल्यावर वाचा. काही टीपकार पहिल्याच टिपेत शेवट फोडून मोकळे होतात.

पायरी ३: या चार कथांपासून सुरुवात करा

पहिली ‘द मेझोटिंट’. मेझोटिंट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर खरवडून केलेलं, काळ्या-करड्या छटांचं छापील चित्र. केंब्रिजसारख्या एका विद्यापीठाच्या संग्रहालयात स्थळचित्रं जमवणाऱ्या विल्यम्सकडे एक व्यापारी असं चित्र पाठवतो. चित्रात एक साधासा जुना वाडा, समोर हिरवळ. किंमत मात्र दोन गिनी, आणि ती का, हे विल्यम्सला कळत नाही. संध्याकाळी एक मित्र म्हणतो, चांदणं छान जमलंय, आणि पुढे माणूसही आहे की. कसला माणूस? विल्यम्स बघतो तर अगदी कडेला, चौकटीला चिकटून एक डोकं दिसतंय. रात्री झोपण्याआधी परत बघतो. आता हिरवळीच्या मधोमध कुणीतरी हातापायांवर रांगत वाड्याकडे निघालंय. पाठीवर पांढरा क्रूस असलेलं काळं वस्त्र.

यातली गंमत बघा. चित्र बदलतंय हे कळल्यावर ही मंडळी काय करतात? साक्षीदार जमवतात. तू काय पाहिलंस ते लिहून सही कर, आता फोटो काढून ठेवू, आता आपण चहाला जाऊ, आळीपाळीने परत येऊन बघू. अगदी सूचीकाराच्या शिस्तीत. मधे गोल्फच्या गप्पाही होतात. आणि या शिस्तीमुळेच पोटात खड्डा पडतो, कारण चित्रातल्या त्या प्राण्याला थांबवणं कुणाच्याच हातात नाही. जे घडायचं ते कधीच घडून गेलंय; आपण नोंद तेवढी करतोय. जेम्स आवडणार की नाही, हे या दहा-पंधरा पानांत ठरतं. नसेल आवडली तर खुशाल दुसरं काही वाचा, मी वाईट वाटून घेणार नाही.

दुसरी ‘ओ व्हिसल, अँड आय विल कम टु यू, माय लॅड’. नाव लांबलचक आहे, एका जुन्या स्कॉटिश गाण्यातली ओळ आहे. पार्किन्स नावाचा तरुण, नीटनेटका, भुतांवर काडीचाही विश्वास नसलेला प्राध्यापक सुट्टीत समुद्रकाठच्या गावी जातो. एकट्याची खोली मिळत नाही, म्हणून दोन पलंगांची घेतो. पडक्या अवशेषांत त्याला पितळेसारख्या धातूची एक जुनी शिट्टी सापडते. तीवर लॅटिनमध्ये कोरलंय: हा येतोय तो कोण? तो शिट्टी वाजवतो. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो, की मोकळा दुसरा पलंग आणि त्यावरची चादर एवढ्या सामानावर जेम्स काम भागवतो. ही कथा मी आजोळी, सगळ्या भावंडांना मोठ्याने वाचून दाखवली होती. माजघरात एक खाट रिकामी होती, पायथ्याशी घडी घातलेली चादर. धाकटीने वाचन मधे थांबवून उठून ती चादर नेऊन बाहेरच्या दोरीवर टाकली आणि मग म्हणाली, ‘आता वाच.’

तिसरी ‘कास्टिंग द रून्स’. यात घाईगर्दीचं लंडन आहे, ट्राम आहे, ग्रंथालयाचं वाचनदालन आहे आणि हातोहात दिलेला एक कागदाचा कपटा आहे. तो ज्याच्याकडे गेला त्याला जगायला तीन महिने. जेम्सच्या मानाने वेगवान कथा, शेवटी तर चक्क पाठलाग. ज्यांना संथ गोष्टी सोसत नाहीत त्यांनी हीच पहिली वाचली तरी चालेल.

चौथी मग ती फ्रान्सची, ‘कॅनन अल्बेरिक्स स्क्रॅपबुक’, जिच्यावर मी आपटलो होतो. आता ती अडणार नाही. जुन्या हस्तलिखितांतली पानं कापून चिकटवलेला एक अनमोल ग्रंथ, चर्चच्या सेवकाने तो कवडीमोलाने विकणं, आणि विकून झाल्यावर त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर दिसणारी सुटका. ती सुटका वाचताना नेमकं काय वाटलं ते मनात नोंदवून ठेवा.

पायरी ४: वाचायची पद्धत

या गोष्टी मुळात ऐकायच्या होत्या. २८ ऑक्टोबर १८९३ रोजी केंब्रिजच्या चिटचॅट सोसायटी या छोट्या मंडळात जेम्सने आपल्या दोन भयकथा पहिल्यांदा वाचून दाखवल्या. पुढे नाताळच्या आदल्या संध्याकाळी मित्रांनी त्याच्या खोलीत जमायचं, त्याने आतल्या खोलीतून हातात कागद घेऊन यायचं, एक सोडून सगळ्या मेणबत्त्या फुंकायच्या आणि वाचायला बसायचं, हा रिवाजच पडला. कथा कित्येकदा त्याच दिवशी लिहून संपवलेली असायची. म्हणून शक्य असेल तर एकेक कथा एका बैठकीत, मोठ्याने वाचा. बहुतेक कथा पाऊण तासात होतात. एकापाठोपाठ तीन-चार वाचू नका. जेम्सची युक्ती एकच आहे, ती तो पुन्हापुन्हा करतो, आणि चौथ्या कथेत तुम्हाला हात दिसायला लागतो.

भूत दिसतं किती, हे मोजायला लागा. एखादी ओळ, दीड ओळ. आणि दिसण्यापेक्षा ते लागतं जास्त. उशीखाली घड्याळ घ्यायला हात घालावा आणि बोटांना दात असलेलं तोंड लागावं, भोवती केस. मेजावर कोपराशी काळं काहीतरी पडलंय, टाक पुसायचं फडकं असेल का? उंदीर? कोळी? हे सगळे प्रश्न झाल्यावर मग लक्षात येतं काय आहे ते. आपल्याकडची भुतं निदान बोलतात, नवस मागतात, कोंबडं घेऊन शांत होतात. मुंज्याला तर पिंपळाखाली दिवा पुरतो. जेम्सच्या भुताशी तडजोड होत नाही. १९११ च्या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्याने हे उघडच लिहिलंय: परीकथेतलं भलं भूत त्याला नको, त्याला दुष्ट किंवा किळसवाणंच हवं. दुसरा नियम असा, की वातावरण वाचकाच्या ओळखीचं असावं. तिसरा, गूढविद्येची पारिभाषिक भाषा टाळावी.

आता शब्दांचं. अडतात ते बहुतेक चर्चचे आणि इमारतींचे. कॅनन म्हणजे मोठ्या चर्चच्या कारभारातला पाद्री. व्हर्जर म्हणजे चर्चची झाडलोट, किल्ल्या, पाहुण्यांना हिंडवून दाखवणं हे सगळं बघणारा सेवक, आपल्या देवळातल्या गुरवाच्या जवळचा. सॅक्रिस्टन हा तिथल्या मौल्यवान वस्तू सांभाळतो. स्टॉल म्हणजे पाद्र्यांची ओळीने असलेली कोरीव लाकडी आसनं. बॅरो म्हणजे प्राचीन दफनावरचा मातीचा उंचवटा. मार्टेलो टॉवर म्हणजे नेपोलियन चालून येईल या धास्तीने इंग्लंडच्या किनाऱ्यावर बांधलेले ठेंगणे जाड बुरूज. आणि अँटिक्वेरी, जो शब्द त्याच्या पहिल्या दोन्ही संग्रहांच्या नावात आहे, तो म्हणजे जुने कागद, जुनी थडगी, जुन्या इमारती यांच्या मागे लागलेला माणूस. मराठीत त्याला ‘इतिहाससंशोधक’ म्हटलं तर फार भारदस्त होतं, ‘जुन्यापुराण्याचा नादी’ म्हटलं तर जमतं. एवढे सात-आठ शब्द पुरतात. लॅटिनचा अर्थ तो बहुधा स्वतःच पुढे देतो. गावंढळ इंग्रजीतले संवाद मोठ्याने वाचले की आपोआप कळतात.

पायरी ५: नकाशा उघडा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा बसू.

कथा घ्या ‘अ वॉर्निंग टु द क्युरिअस’, १९२५ च्या संग्रहातली. फोनवर इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याचा नकाशा काढा आणि सफोकमधलं ऑल्डबरा शोधा. कथेत त्याचं नाव सीबरा आहे. सुरुवातीलाच जेम्स गाव मांडतो: दक्षिणेला चर खणलेली दलदल, उत्तरेला सपाट शेतं आणि पुढे माळ, आत फरची झाडं आणि पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, लांब समुद्रकाठ, एक रस्ता, मागे गारगोट्यांनी बांधलेलं ऐसपैस चर्च, त्याचा रुंद भरीव मनोरा आणि सहा घंटा. नवखा वाचक इथे पान उलटतो. उलटू नका. बोट नकाशावर ठेवून वाचा. मार्टेलो बुरूज गावाच्या दक्षिणेला सापडेल. कथेतला पाठलाग कुठल्या बाजूला जातो ते बोटाने काढता येतं, आणि मोकळ्या पुळणीवर लपायला कुठेही जागा नाही हे वाचण्याआधी दिसतं.

आता गोष्टीच्या मुळाशी जा. पूर्व अँग्लियाच्या, म्हणजे याच सफोक-नॉरफोकच्या मुलखातल्या जुन्या राज्याच्या नावावर चालत आलेलं चिन्ह म्हणजे तीन मुकुट. कथेत म्हटलंय, की परकीयांना किनाऱ्यावर उतरू न देण्यासाठी तीन पवित्र मुकुट तीन ठिकाणी पुरले होते. एक सापडला आणि वितळवला गेला, एक समुद्राने गिळला, तिसरा अजून जमिनीत आहे आणि त्यावर पहारा आहे. समुद्राने गिळलेलं डनिच हे शहर खरंखुरं आहे. मध्ययुगात ते भरभराटीचं बंदर होतं, आज तिथे मूठभर घरं उरली आहेत आणि चर्चं पाण्यात गेली आहेत. रेंडलशॅम हे राजांचं ठिकाण असल्याची नोंद आठव्या शतकातल्या बीड नावाच्या इंग्रज साधूच्या इतिहासग्रंथात आहे, आणि तिथे जुना चांदीचा मुकुट सापडून वितळवला गेल्याची गोष्टही जुन्या ग्रंथांत येते. पहारा देणारं एजर घराणं मात्र जेम्सचं. खऱ्याच्या रांगेत खोटं इतक्या शांतपणे बसवलंय, की सांधा दिसत नाही.

आणि हे बघा: जेम्स १९३६ मध्ये वारला. १९३९ मध्ये त्याच मुलखात, रेंडलशॅमपासून काही मैलांवर, सटन हू इथे एक मातीचा उंचवटा खणला गेला आणि अँग्लो-सॅक्सन राजाचं अख्खं जहाज-दफन बाहेर आलं. शिरस्त्राण, सोनं, तलवार. मुकुट नव्हता. तीन वर्षं आधी निघालं असतं तर म्हाताऱ्याने काय केलं असतं, याचा विचार करत मी पुष्कळदा बसलोय.

आता तिसऱ्या पुस्तकाकडे या. ‘सफोक अँड नॉरफोक’, १९३०. जेम्स तेव्हा अडुसष्ट वर्षांचा. दोन परगण्यांतून गावोगाव हिंडत, प्रत्येक ठिकाणचं चर्च, मठ, भिंतींवरची चित्रं, लाकडी पडदे, छताला लागलेले कोरीव देवदूत, संतांच्या कथा असं सगळं तो सांगत जातो. सलग वाचायला घेऊ नका, मरगळ येईल. मी सांगतो तसं करा: एक कथा वाचली की त्या मुलखातली पाच-सहा पानं यातून काढून वाचा.

बेरी सेंट एडमंड्स या गावाची पानं घ्या. एडमंड हा पूर्व अँग्लियाचा राजा, ८६९ मध्ये डेन आक्रमकांनी मारलेला. दंतकथा सांगते की त्याचं तोडलेलं डोकं रानात सापडलं तेव्हा एक लांडगा त्याची राखण करत बसला होता. त्याच्या नावाचा प्रचंड मठ पुढे उद्ध्वस्त झाला. जेम्सला एका हस्तलिखितात मठाधिपतींची थडगी कुठे होती याचा धागा सापडला आणि १९०२ मध्ये त्यावरून खणल्यावर बाराव्या शतकातल्या मठाधिपतींच्या कबरी खरोखर हाती लागल्या. म्हणजे कागदावरून जमिनीकडे आणि जमिनीतून हाडांकडे, हा जो प्रवास त्याचे नायक करतात आणि प्राणाला मुकतात, तो त्याने स्वतः केला होता. सुखरूप परतला, एवढंच. राखण करणारा लांडगा मनात ठेवून मुकुटाची कथा पुन्हा वाचा.

असंच ‘द ॲश-ट्री’चं. १६९० साली चेटकीण ठरवून फाशी दिलेली मिसेस मदरसोल आणि वाड्याला लागून उभं असलेलं ॲशचं झाड. बेरीला चेटकिणींवरचे खटले खरोखर चालले, १६४५ चा आणि १६६२ चा तर कुप्रसिद्धच. आणि मदरसोल हे आडनाव जेम्सने दूरवरून आणलेलं नाही; ते लिव्हरमीअरच्या चर्चच्या आवारातल्या थडग्यांवर आहे. लहानपणी रविवारी प्रार्थनेला जाता-येता त्याने ते किती वेळा वाचलं असेल.

तिसरा नमुना ‘द ट्रेझर ऑफ ॲबट थॉमस’चा. यात रंगीत काचांच्या खिडक्यांवरच्या मजकुरात खजिन्याची खूण दडवलेली आहे. जर्मनीतल्या श्टाइनफेल्ड मठाच्या खऱ्या काचा इंग्लंडमधल्या एका बड्या घराच्या प्रार्थनामंदिरात होत्या आणि जेम्सने त्या अभ्यासल्या होत्या. आज त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना हे तीर्थ फुकटात आणि छपराखाली करता येईल.

मजेची गोष्ट म्हणजे त्या वाटाड्या पुस्तकाचा आणि भयकथांचा आवाज एकच आहे. कोरड्या सुरात, किंचित मिस्कीलपणे, मापं देत बोलणारा. नॉरफोकमधल्या कॉस्टनच्या चर्चमधल्या जुन्या लाकडी पडद्यावर जॉन शोर्न नावाचा पाद्री रंगवलाय, ज्याने म्हणे सैतानाला बुटात कोंडलं होतं. हे वाक्य कथेत आलं असतं तर आपण दचकलो असतो.

पायरी ६: पाच बरण्या

‘द फाइव्ह जार्स’, १९२२. ही त्याची एकुलती एक अद्भुतरम्य कादंबरी, आणि तिच्यामागे एक दुःख आहे. जेम्स मॅकब्राइड हा त्याचा चित्रकार मित्र पहिल्या संग्रहासाठी चित्रं काढत होता. चारच पूर्ण झाली आणि १९०४ मध्ये तो वारला. जेम्सने दुसरा चित्रकार घेतला नाही, पुस्तक तेवढ्याच चित्रांनिशी काढलं. मॅकब्राइडची मुलगी जेन वडिलांच्या मागे जन्मली. जेम्स तिचा पालक झाला, आणि ही कादंबरी म्हणजे जेनला लिहिलेलं लांब पत्र.

कथेतला निवेदक एका ओढ्याच्या काठाने चालत जातो, त्याला पाच बरण्या असलेली एक पेटी सापडते. त्यातलं मलम एकेक करून लावत गेलं की पशुपक्ष्यांचं बोलणं कळायला लागतं, झाडीत राहणारी इवली माणसं दिसायला लागतात. घुबड आहे, मांजर आहे, खोडकर पोरं आहेत. पण बरण्या पळवायला टपलेलेही आहेत, आणि रात्री ते खिडकीशी येतात तेव्हा हा लेखक कोण ते आठवतं.

खरं सांगायचं तर कादंबरी थोडी विसविशीत आहे. पोरांना वाचून दाखवायची तर मधली दोन-तीन प्रकरणं आटोपती घ्या. आठ-नऊ वर्षांच्या पुढच्यांना झेपेल. पण भयकथा वाचून झाल्यावर ती जरूर वाचा: जुनी पेटी उघडणाऱ्याला जेम्स एरवी शिक्षा देतो, इथे एकदाच बक्षीस देतो.

पायरी ७: काय मागे ठेवायचं

१९१९ चा संग्रह सगळ्यात शेवटी. त्यातली ‘टू डॉक्टर्स’ मला तीनदा वाचूनही धड उलगडलेली नाही. ‘मार्टिन्स क्लोज’ सतराव्या शतकातल्या खटल्याच्या कामकाजाच्या भाषेत लिहिलीय. इंग्रजीवर हात बसला की ती मेजवानी आहे, आधी शिक्षा. ‘द हाँटेड डॉल्स हाउस’ राणी मेरीच्या सुप्रसिद्ध बाहुलीघरातल्या बोटभर पुस्तकांच्या ग्रंथालयासाठी लिहिलेली, आणि कल्पना ‘द मेझोटिंट’चीच. त्या दोन लागोपाठ वाचू नका. ‘वेलिंग वेल’ ईटनच्या स्काउट मुलांना १९२७ च्या शिबिरात वाचून दाखवलेली. शेवटी मुलांना झोप लागली का, हे विचारायला नको.

पायरी ८: पडद्यावर, पण नंतर

१९६८ चा बीबीसीचा शिट्टीच्या कथेवरचा कृष्णधवल चित्रपट, मायकेल हॉर्डर्नने काम केलेला, अवश्य बघा. मुकुटाच्या कथेवरचा १९७२ चाही बघा, फक्त तो चित्रित केलाय नॉरफोकच्या किनाऱ्यावर, तेव्हा नकाशा जुळवत बसू नका. ‘कास्टिंग द रून्स’वरच्या १९५७ च्या ‘नाइट ऑफ द डीमन’मध्ये राक्षस अख्खा, जवळून दाखवलाय. जेम्सने दीड ओळीत उरकलं असतं.

पायरी ९: शेवटची कथा

आता ती ‘अ व्हिन्येट’ काढा. चार-पाच पानं. जेम्सच्या मृत्यूनंतर, नोव्हेंबर १९३६ मध्ये एका मासिकात छापली गेली. यात हस्तलिखित नाही, खजिना नाही, प्राध्यापक नाही. एका धर्मोपदेशकाच्या घराची बाग आहे, पलीकडे झाडी आहे, मधे लाकडी फाटक, आणि फाटकाला एक चौकोनी भोक. एक मुलगा दुपारी घराच्या खिडकीतून त्या भोकाकडे बघतो. तिथे एक चेहरा असतो. पांढराफटक नाही, सांगाड्यासारखा नाही. गुलाबी, आणि बहुधा तापलेला. कपाळावरून खाली आलेली पांढऱ्या कापडाची किनार, आणि मोठे उघडे डोळे. बाग लिव्हरमीअरची आहे.